मॅकीव्हरांचे भाऊबंद

न्यूझीलंडहून परत आल्यापासून जो भेटतो तो मेंढ्यांबद्दल विचारतो. पाहिल्या बाई मेंढ्या, पण लांबूनच. शाळेत भूगोल शिकवताना ‘लोकर, लोणी, चीज’ एवढ्यात हा अख्खा देश मी वर्षानुवर्षं गुंडाळून टाकत असे, तेव्हा मेंढ्यांची मला नवलाई नव्हतीच. मी तिथे पाहिली ती भाऊबंदकी. आणि तीसुद्धा अशी अस्सल, की आपल्या कोकणी माणसानेही तिच्यापुढे हात टेकावेत. आयर्लंडची भाऊबंदकी न्यूझीलंडात जाऊन पाहायची आणि त्यासाठी तिकीट पुण्याहून काढायचं, असा हा आमचा एकंदर प्रवास.

जॉन्सनव्हिल

आमचा मंदार वेलिंग्टनच्या या उपनगरात राहतो. घर टेकडीवर, लाकडाचं, आणि वारा असा की वाळत घातलेला टॉवेल शेजारच्यांकडे मागायला जावं लागतं. आपली माणसं मात्र भरपूर. कढीपत्ता, पोहे, हिंग, सगळं कोपऱ्यावर मिळतं. कोपऱ्यावरच्या दुकानाला इथे डेअरी म्हणतात आणि तिथे दूध सोडून बाकी सगळ्याचीच जास्त विक्री होते. नात ईरा सहा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, बोलायची मात्र एक अक्षर नाही. ‘पोट भरलं का गं?’ विचारावं, तर ‘हीप्स, आजी’, म्हणजे ढीगभर, म्हणून पळते.

सून क्लेअर इथलीच, मूळची आयरिश. हे ‘मूळची’ प्रकरण आमच्या ह्यांनी उकरून काढलं. हे आमच्या कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीच्या समितीवर आहेत. ज्यांना हा छंद माहीत नसेल त्यांना सांगते: एकाच आडनावाच्या सगळ्या लोकांची, पार मूळ पुरुषापासून, पिढीवार छापलेली हकिगत म्हणजे कुलवृत्तांत. त्यात बाईला एक ओळ मिळते. माहेरचं आडनाव आणि माहेरचं मूळ गाव, संपली बाई. तर क्लेअरच्या ओळीत ‘मूळ गाव’ कोरं होतं आणि ते कोरेपण ह्यांना जेवण जाऊ देत नव्हतं.

एका सकाळी टोस्टला लोणी लावत ह्यांनी तिला गाव विचारलं. ती म्हणाली, टौरंगा. हे म्हणाले, ते वडील राहतात ते, त्याआधीचं? ती म्हणाली, आयर्लंड. आयर्लंडात कुठे, तालुका कोणता? बिचारीने हसून वडिलांना फोन लावला आणि तो ह्यांच्या हातात दिला. पलीकडे आमचे व्याही टेरी मॅकीव्हर. बंदरावर क्रेन चालवून निवृत्त झालेले, विधुर, घरात एकटे. त्यांनाही गेली कित्येक वर्षं हाच प्रश्न छळत होता हे कुणाला ठाऊक? त्यांनी तर एका नळीत थुंकी घालून तपासायला पाठवली होती आणि ‘आपण आयरिश आहात’ असं उत्तर आलं होतं. तेवढं तर मी त्यांचा चेहरा बघून फुकट सांगितलं असतं.

फोन ठेवला तेव्हा आमचं टौरंग्याला जायचं ठरलेलं होतं. मला विचारलं नव्हतं, पण ते लग्नापासूनच नाही.

टौरंगा

विमान इतकं लहान की पायलटची मान दिसत होती. त्यापलीकडे प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. टौरंगा हे मोठं बंदराचं गाव. लाकडाच्या ओंडक्यांचे डोंगर, कंटेनरांचे डोंगर, आणि मग खरा डोंगर, समुद्रात पाय सोडून बसलेला. रस्त्यांवर मोटारीच मोटारी. माणसं कुठे राहतात ते कळतं, चालतात कधी ते कळत नाही.

टेरी न्यायला आले ते अर्ध्या चड्डीत. मे महिना म्हणजे त्यांच्या थंडीची सुरुवात, मी दोन स्वेटर घातलेले, आणि हा सत्तरी ओलांडलेला गृहस्थ पायात रबरी सपाता घालून ‘किया ओरा’, म्हणजे इथल्या मूळ माओरी लोकांचा रामराम, म्हणत उभा. ह्यांचं नाव वसंत. पहिल्या पाच मिनिटांत त्यांनी त्याचं ‘व्हॅस’ केलं. एरवी नावात जरा इकडचं तिकडे झालं तर दुरुस्त करणारे हे, पण व्याह्यांपुढे ‘व्हॅस’ होऊन गप्प बसले.

टेरींचा स्वयंपाक म्हणजे जे असेल ते उकडायचं. बटाटा उकडलेला, कोबी उकडलेला, मटण ओव्हनमधलं पण चवीला उकडलेलंच. आम्ही शाकाहारी म्हटल्यावर त्यांनी मटण वगळलं आणि बाकीचं तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी मी ओट्याचा ताबा घेतला. बटाट्याच्या काचऱ्या केल्या. त्यांनी त्या पावात घालून, वर टोमॅटो सॉस ओतून खाल्ल्या आणि ‘स्वीट अ‍ॅज’ म्हणाले. काय गोड लागलं देव जाणे, पण पातेलं पुसून घेतलं.

आता माझा पराक्रम सांगते. प्रवासात मी माझी अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण बरोबर ठेवते. टेरींच्या दिवाणखान्यात भिंतीतल्या शेकोटीवर एक छान फळी होती. तिच्यावर एक निळ्या फुलांची, झाकणाची, चिनी मातीची बरणी, बाकी काही नाही. मला वाटलं, वा, देवाला जागाही आणि शेजारी आयता कलशही. रोज सकाळी आंघोळ करून मी देवांना हळदीकुंकू वाहायची आणि हात भरलेलाच आहे तर म्हणून एक बोट बरणीलाही लावायची. बागेतलं एक फूल झाकणावर ठेवायची. टेरी कोपऱ्यात चहा पीत सगळं बघायचे आणि काही बोलायचे नाहीत. मला वाटलं, किती हो सुसंस्कृत माणूस.

एका सकाळी पूजा आटपून वळले तर त्यांचे डोळे भरलेले. म्हणाले, “आईला फार आवडलं असतं. इतक्या वर्षांत तिच्याकडे असं कुणी लक्ष दिलं नव्हतं.”

मी विचारलं, कुणाच्या आईला?

“माझ्या. तुम्ही रोज टिळा लावता ना, ती.”

म्हणजे त्या बरणीत राख होती! व्याह्यांच्या आईच्या अस्थी, त्यांना मी कुंकू लावत होते, आणि शेजारी माझी अन्नपूर्णा! मी तशीच न्हाणीघरात गेले आणि डोक्यावरून आंघोळ केली. बाहेर आले तर हे टेरींना दहाव्या दिवसाच्या आत विसर्जन कसं व्हायला हवं, घरात अस्थी का ठेवू नयेत, हे इंग्रजीतून समजावत होते. ती बाई जाऊन किती वर्षं झाली होती ते लक्षात घेतलं, तर ह्यांचा सल्ला जरा उशिरानेच पोचत होता.

टेरींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग आपली अडचण सांगितली. त्यांचे वडील मासेमारीच्या बोटीवर होते, समुद्रात गेले ते सापडलेच नाहीत. थडगंच नाही, तर आई शेजारी कुणाच्या झोपणार? म्हणून जाताना कॅथलीनबाई मुलाला म्हणाल्या, नवऱ्याशेजारी नाही तर नाही, निदान त्याच्या माणसांत मला नेऊन ठेव. त्याची माणसं म्हणजे टेरींचे पणजोबा, जेम्स मॅकीव्हर, लहानपणी आयर्लंडहून इथे आले, त्यांच्या गावची. ते गाव कुणालाच ठाऊक नाही. टेरींनी चर्चची दप्तरं पालथी घातली, दोनदा चुकीच्या गावाला पत्रं पाठवली. आता डॉक्टरांनी हृदयामुळे लांबचं विमान बंद केलं होतं.

“मी गेलो की क्लेअरच्या घरी एका फळीवर दोन बरण्या येतील,” ते म्हणाले. “ती काहीच बोलणार नाही. पण मला ते नको आहे.”

इतका वेळ हा ह्यांच्या कोऱ्या रकान्याचा पोरखेळ होता. आता तो तसा राहिला नाही. मी त्या बाईला इतके दिवस कुंकू लावलं होतं. चुकून का होईना, पण लावलं होतं ना? आता ती माझी कुणीतरी लागत होती.

हे लगेच कंबर कसून बसले. कुलवृत्तांताचा पहिला नियम म्हणे आसपास त्याच आडनावाची घरं शोधणे. मॅकीव्हर आणखी कुठे आहेत? टेरी म्हणाले, कटीकटीला आहेत की, मोठे बागायतदार, पण ते नात्यातले नव्हेत. दुपारी चर्चमध्ये चौकशीला गेलो, तर तिथल्या म्हाताऱ्या सेक्रेटरीबाई आपण होऊन म्हणाल्या, कटीकटीचे मॅकीव्हर वेगळे हं, नात्यातले नव्हेत. परत येताना गाडीत टेरींनी पुन्हा बजावलं. ते ऑरेंज लोक, म्हणजे कट्टर प्रॉटेस्टंट, आम्ही कॅथलिक, त्यांचा आमचा काडीचा संबंध नाही. त्यांच्या आजोबांनीही हेच सांगितलं होतं, बाबांनीही.

मला हसूच फुटलं. अहो, ज्याच्याशी खरंच नातं नसतं त्याचं आपण नाव तरी काढतो का? पुण्यात आमच्या आडनावाची पन्नास घरं असतील, त्यातल्या कुणाशी नातं नाही हे मी कधी कुणाला सांगायला गेले नाही. माझ्या माहेरी राजापूरकडे विहिरीपलीकडे एक घर होतं. ‘ते लोक आपले कुणी नव्हेत’ हे आम्हा पोरांना रामरक्षेसारखं पाठ करून घेतलेलं. लग्न ठरल्यावर कळलं, ते माझे सख्खे चुलत आजोबा. पन्नास वर्षं एका आंब्याच्या झाडावरून बोलणं बंद होतं.

हे सगळं टेरींना सांगितलं. ते म्हणाले, इथे असं नसतं. मी म्हटलं, असेना का, पण जाऊन एक चहा तर पिऊन येऊ.

कटीकटी

टौरंग्याहून कटीकटी मोटारीने फार लांब नाही. एका हाताला खाडी, दुसऱ्या हाताला डोंगर, मधे किवी फळांच्या बागा. वाऱ्यापासून राखायला उंचच उंच झाडांच्या भिंती उभ्या केल्यात, त्यामुळे रस्त्यावरून फळ दिसत नाही, कुंपण दिसतं. वाटेत टेबलं मांडलेली, त्यांवर अ‍ॅव्होकाडोच्या पिशव्या आणि एक डबा. पिशवी घ्या, डब्यात पैसे टाका, बघायला कुणी नाही. हे पुण्यात चालेल का, यावर ह्यांनी बराच विचार केला. मी म्हटलं, चालेल, पहिल्या दिवशी पिशव्या जातील, दुसऱ्या दिवशी डबा, तिसऱ्या दिवशी टेबल.

कटीकटीत भिंतीभिंतीवर चित्रं. आयर्लंडच्या उत्तरेकडून एक अख्खी बोटभर माणसं पाद्रीसकट इथे वसायला आली, त्यांची. गोरीगोमटी कुटुंबं, टोप्या, पेटारे. टेरी लहानपणापासून ही चित्रं बघत होते. त्यात आपला कुणी असेल असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

माझ्या शेजारी मागच्या सीटवर कॅथलीनबाई होत्या, पट्टा बांधून. कुणाकडे पहिल्यांदा जायचं तर रिकाम्या हाताने जाऊ नये, म्हणून मांडीवर चिवड्याचा डबा होता. मॅकीव्हरांच्या फाटकाशी पोचल्यावर टेरी गाडीतून उतरेनात. पोर्टवर वादळात क्रेन चालवलेला माणूस, पण ‘तुम्ही व्हा पुढे’ म्हणाला. मी दार उघडून धरलं आणि शाळेत धरायची तसा आवाज धरला. उतरले.

मालकीणबाई हेदर, ऐंशीच्या पुढच्या, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, स्वतः चारचाकी मोटारसायकल हाकत आल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, बाग अजून त्याच बघतात. टेरींनी आडनाव सांगितलं. आम्ही अजून काही विचारलंही नव्हतं, तर त्या म्हणाल्या, “टौरंग्याचे मॅकीव्हर ना? आपलं नातं नाही.”

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे माझ्याकडे बघेनात.

चहा आला, आल्याचा केक आला. चिवड्यातले फक्त शेंगदाणे निवडून बाई खात होत्या. ह्यांनी त्यांच्या नवऱ्याच्या घराण्याची नावं काढून घेतली. आलेला पहिला सॅम्युएल, मग विल्यम, मग सॅम्युएल, मग विल्यम. आमच्याकडेही आजोबाचं नाव नातवाला ठेवतात म्हणून हे खूश. तेवढ्यात दाराशी मुकादम आला आणि फळं भरायच्या पेट्या कुठे पाठवू विचारू लागला. बाईंनी सांगितलं, “जेम्सच्यात.”

मी विचारलं, जेम्स कोण?

कुणी नाही, त्या म्हणाल्या. ओढ्याकडच्या तुकड्याचं नाव आहे, पहिल्यापासून. मी म्हटलं, तुमच्या घरात एखादा जेम्स असेल. नाही, कधीच नव्हता, एकाही मुलाला ते नाव ठेवलेलं नाही. चार पिढ्या सॅम्युएल-विल्यम करत बसले, इतकं साधं नाव कुणाला सुचलं नाही, आणि शेत मात्र जेम्सचं.

टेरींनी कप खाली ठेवला. “माझे पणजोबा जेम्स,” ते म्हणाले.

बाईंनी चिवड्याचा डबा बाजूला सारला. मग सांगायला लागल्या ते अगदी सरळ सांगितलं, जसं काही कुणी विचारायचीच वाट बघत होत्या. बोटीतून आलेल्या पहिल्या सॅम्युएलने मुलांना शेतं वाटून दिली होती. जेम्सने एका कॅथलिक मोलकरणीशी लग्न केलं आणि वायहीच्या सोन्याच्या खाणीत कामाला गेला. म्हाताऱ्याने घरात त्याचं नाव घ्यायची बंदी केली. पण रोज सकाळी गड्यांना कुठे जायचं ते तर सांगावंच लागतं. त्यामुळे मुलगा गेला आणि शेताचं नाव राहिलं.

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?” टेरींनी विचारलं.

“होतं. लग्न होऊन आले त्या वर्षी सासूने सांगितलं. आणि नातं नाही असं म्हणायचं, हेही तिनेच सांगितलं. मी सून होते. मी म्हणाले.”

आयर्लंडात दोनदा पत्रं पाठवली, थुंकी पाठवली, आणि मूळ पुरुष चाळीस मिनिटांवर बागेत. भांडण बापलेकाचं, दोघेही केव्हाच मातीत गेले. आणि ते जपलं कुणी? पिढ्यान् पिढ्या परक्या घरून आलेल्या सुनांनी, लोणच्याच्या बरणीसारखं, पाण्याचा हात लागू न देता. मला त्या बाईचा रागही आला आणि तिच्याविषयी वाईटही वाटलं, कारण राजापूरला मीही ‘ते लोक आपले कुणी नव्हेत’ असंच म्हणत मोठी झाले होते.

टेरींना पुढचं विचारवेना. शेवटी मीच विचारलं. म्हटलं, हेदरबाई, गाडीत ह्यांची आई आहे. तिला नवऱ्याच्या माणसांत जायचं आहे. तुम्ही घेता का?

“कॅथलिक होती?”

टेरी हो म्हणाले.

बाई उठल्या, कप विसळले, पुसले, जागेवर ठेवले. मग म्हणाल्या, “तुकडा तसाही जेम्सचाच आहे. आणि ओढ्यापलीकडच्या माओरी लोकांना विचाराल, तर त्याचाही नाही आणि आमचाही नाही. त्यांच्याकडून काढून घेऊनच सॅम्युएलला दिला होता. फावडं शेडमध्ये आहे.”

शेतात जाताना ह्यांना ओढा दिसला आणि राहवलं नाही. वाहतं पाणी आहे, सोडून द्या, सगळ्यात उत्तम. टेरींनी नकारार्थी मान हलवली. इथल्या माओरी लोकांत पाण्यात राख सोडणं फार वाईट समजतात, त्यातलं खातात-पितात ना. ह्यांचा हिरमोड झाला. गंगेचं काय काय आम्ही करून ठेवलंय हे मला आठवलं.

जेम्सच्या तुकड्याला लाकडी फाटक आहे. आत वेलींच्या मांडवाखाली गडी चहाच्या सुट्टीला गेले होते, पेट्या अर्ध्या भरलेल्या. टेरी आणि हे आत गेले. हेदरबाई बाहेरच थांबल्या. म्हणाल्या, कॅथलिक प्रार्थना चालू असताना आम्ही आत उभे राहत नाही. शेजारी वारला तेव्हाही त्या चर्चबाहेर रस्त्यावर पावसात उभ्या राहिल्या होत्या. मीही बाहेरच थांबले. आमच्यात बायका अशा कामाला जात नाहीत. एकमेकींकडे बघून आम्हाला दोघींनाही आपापल्या धर्माचं जरा अवघडल्यासारखं झालं, पण जागची हलली कुणीच नाही.

ह्यांनी खड्डा खणला. आयुष्यात कधी कुंडीतली माती न उकरलेला माणूस! टेरींनी बरणी उपडी केली. मी लावलेलं कुंकू अजून तिच्या पोटाला होतं. मग गुडघ्यावर बसून ते ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रार्थना म्हणू लागले. शेवटी ‘आमेन’ म्हणून हातांनीच माती लोटू लागले.

हेदरबाईंनी फाटकाबाहेरून विचारलं, “झालं?”

“झालं.”

“प्रार्थना आमची पण हीच. पण तुम्ही लवकर थांबता. आमच्यात पुढे अजून एक ओळ आहे.”

टेरींनी वर बघितलं. दोन्ही हातांना माती, नाक लाल झालेलं. म्हणाले, “मग म्हणा की. तिला कुठे घाई आहे.”

बाई तशाच उभ्या होत्या. हात फाटकावर, बोटं संधिवाताने वाकलेली. मला वाटलं, म्हणतील आता इथूनच. पण त्यांनी कडी काढली, फाटक ढकललं आणि बुटांनी चिखल तुडवत आत गेल्या. खड्ड्याशी उभ्या राहून, अनोळखी जावेला सांगावी तशी ती ओळ म्हणाल्या.

फाटक उघडंच होतं. मीही गेले.